दाताचा जमाखर्च



दातांबद्दल आपल्या घरांत दोनच वेळा बोलणं होतं. एकदा बाळाचा पहिला दात दिसतो तेव्हा, आणि एकदा दाढ ठणकायला लागते तेव्हा. आज लिहायचंय ते या दोन्हीच्या आधीच्या काळाबद्दल. दात हिरडीच्या आत कुणाला न दिसता तयार होत असतो, तो काळ. त्या अंधारात कॅल्शियम कुठून येतं, कोण आणतं, कोण पोचवतं, हे गेल्या वर्षभरात मी जमेल तसं वाचून काढलं. विषय शास्त्राचा आहे, पण मी त्यात शिरले ते घरातल्या एका भांडणामुळे. भांडण म्हणजे आवाज चढलेलं नव्हे. आपल्या घरांत असतं तसं, जेवणाच्या पंगतीत हळूच बोललेलं आणि महिनाभर सलत राहिलेलं.

माझ्या नातवाला सहाव्या वर्षी पक्क्या दाढा आल्या. चार दाढा असतात त्या, दुधाच्या दातांच्या मागे येतात. त्यातल्या दोन चांगल्या पांढऱ्या आल्या. उरलेल्या दोन आल्या त्याच खडूसारख्या, पिवळट-तपकिरी डाग घेऊन. थंड पाणी लागलं की पोरगं कळवळायचं. त्या बाजूला ब्रश लावू देईना. शिरूरला दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, "आजी, ही कीड नाही. दाढ आत तयार होतानाच कच्ची राहिली आहे. पुष्कळ मुलांमध्ये दिसतं हे." त्याचं लांबलचक नाव त्यांनी कागदावर लिहून दिलं : मोलर इन्सायझर हायपोमिनरलायझेशन. थोडक्यात एमआयएच.

नाव घरी आलं आणि पाठोपाठ कारणंही आली. एका साखरपुड्यात आमच्या एका चुलत सासूबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "गरोदरपणात दूध नको नको करत होती ना, मग पोराच्या दाढा कशा पक्क्या येणार? आणि वर अंगावर पिणारं मूल असताना आयंबिलची ओळी केली." सून काही बोलली नाही. रात्री भांडी आवरताना मला म्हणाली, "मम्मी, खरंच माझ्यामुळे झालं का हो?"

मी बी.कॉम. आहे. कवठ्याला लग्न होऊन आले तेव्हापासून आमच्या किराणा दुकानाची वही मीच लिहीत आले. रोजकीर्द, खतावणी, वर्षाखेरीस ताळेबंद. वही लिहिणाऱ्या माणसाला एक सवय लागते. रकमेवरून वाद झाला की कोण काय म्हणतंय ते बाजूला ठेवायचं, आणि रक्कम कोणत्या तारखेला, कुठून निघून कुठे गेली ते बघायचं. सुनेला मी त्या रात्री एवढंच म्हटलं, "थांब, वही काढून बघू." माझी एक भाची कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. तिनं लेख पाठवले, फोनवर समजावून सांगितलं, आणि मी माझ्या पद्धतीनं वहीत उतरवून घेतलं.

आधी तारीख.

पहिल्या पक्क्या दाढेवरचं एनॅमल, म्हणजे दातावरचं ते सगळ्यात कठीण चकचकीत कवच, तयार व्हायला सुरुवात होते साधारण बाळाच्या जन्माच्या सुमारास. दाढेचा हिरडीबाहेर दिसणारा भाग पुरा व्हायला अडीच-तीन वर्षं लागतात. मग ती दाढ आतच थांबते आणि सहाव्या वर्षी वर येते. पुढचे पक्के पटाशीचे दात जन्मानंतर तीन-चार महिन्यांनी सुरू होतात. पोटात असताना जे बनतात ते दुधाचे दात. त्यांची सुरुवात गरोदरपणाच्या चौथ्या महिन्याच्या आसपास होते.

म्हणजे गरोदरपणातलं दूध आणि सहाव्या वर्षीची दाढ यांची तारीखच जुळत नाही. व्हाउचर एका सालातलं आणि खर्च दुसऱ्या सालातला. पहिला आरोप इथेच निकालात निघाला.

आयंबिलच्या आरोपाची तारीख मात्र जुळत होती. सुनेनं आश्विनातली ओळी केली तेव्हा बाळ सोळा महिन्यांचं होतं, आणि तेव्हा त्याच्या दाढा आत घडत होत्या. आयंबिलमध्ये दूध, दही, तूप, तेल, साखर काहीच नसतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून ही नोंद तारखेवर सोडता येत नव्हती. माल कुठून कुठे जातो ते बघणं भाग होतं.

एनॅमल तयार करणाऱ्या पेशींना अमेलोब्लास्ट म्हणतात. उंच, सडपातळ, एकमेकींना खेटून उभ्या राहिलेल्या पेशी. पंगतीत वाढायला बायका रांगेनं उभ्या राहतात ना, तशा. त्यांचं काम दोन टप्प्यांत चालतं. पहिल्या टप्प्यात त्या प्रथिनं बाहेर टाकत मागे मागे सरकत जातात आणि एनॅमलची पूर्ण जाडी उभी करतात. माणसाच्या दातात हा थर दिवसाला साधारण चार मायक्रोमीटर चढतो, म्हणजे एका मिलिमीटरचा अडीचशेवा भाग. दाढेच्या टोकावर एनॅमल अडीच मिलिमीटरपर्यंत जाड असतं, त्यावरून किती दिवस लागत असतील त्याचा हिशेब तुम्हीच करा. पण या टप्प्यावर ते मऊ असतं. त्यात प्रथिनं आणि पाणीच जास्त.

दुसऱ्या टप्प्यात त्याच पेशी आपलं रूप बदलतात. आधी घातलेली प्रथिनं कातरून काढून घेतात आणि मोकळ्या झालेल्या जागेत कॅल्शियम आणि फॉस्फेट भरतात. सुईसारखे बारीक स्फटिक जाड होत होत एकमेकांना भिडतात. शेवटी एनॅमलच्या वजनाचा सुमारे ९६ टक्के भाग नुसतं खनिज असतं. आपल्या हाडांतही इतकं खनिज नसतं. शरीरातली सगळ्यात कठीण वस्तू ती हीच.

नातवाच्या दाढांत बिघाड या दुसऱ्या टप्प्यातला. जाडी आली होती, आकार आला होता, भरणी कच्ची राहिली. घर बांधून झालं, पण भिंतींना पाणी नीट मारलं नाही, तसं.

आता ही भरणी होते कशी, तिथे खरी गंमत आहे. रक्तात कॅल्शियम भरपूर असतं. पेशीच्या आत मात्र मोकळं कॅल्शियम जवळजवळ नसतंच. बाहेर दहा हजार असेल तर आत एक, इतका फरक. कारण पेशीसाठी कॅल्शियम हा माल कमी आणि निरोप जास्त. आत थोडंसं वाढलं की पेशी त्यावरून काय करायचं ते ठरवते, आणि फार वाढलं तर ती मरते. असं असताना दाताला लागणारं ढीगभर कॅल्शियम याच पेशींच्या रांगेतून पलीकडे गेलं पाहिजे. गल्ल्यात पाच रुपयांच्या वर ठेवायची मनाई आहे, आणि त्याच गल्ल्यातून रोज लाखाची उलाढाल करायची आहे. कशी करणार?

पूर्वी काही शास्त्रज्ञांचं म्हणणं होतं की पेशीत एक वाहक प्रथिन असतं, ते कॅल्शियम धरून नावेसारखं या काठावरून त्या काठाला नेतं. ऐकायला पटणारं होतं. मायकेल हबर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्या उंदरांमध्ये ते प्रथिनच नव्हतं त्यांचे दात तपासले, आणि २००४ मध्ये छापलं की त्यांचं एनॅमल ठीकच आहे. नाव नव्हती, तरी माल पलीकडे पोचला होता. म्हणजे वाट दुसरी होती. हबर्ड यांचं म्हणणं असं की माल पेशीच्या आतल्या तिजोरीतून जातो.

ही तिजोरी म्हणजे शाळेच्या पुस्तकात मुलं पाठ करतात ती आंतर्द्रव्यजालिका. पेशीभर पसरलेलं पिशव्या आणि नळ्यांचं जाळं. पेशीच्या मोकळ्या जागेत कॅल्शियम नको असतं, पण या जाळ्यात ते बंद करून ठेवता येतं. तिजोरीच्या भिंतीत पंप असतात. आत आलेलं कॅल्शियम ते शक्ती खर्चून ताबडतोब तिजोरीत ढकलतात.

तिजोरी रिकामी व्हायला लागली की काय होतं, याचा उलगडा २००५ आणि २००६ या दोन वर्षांत झाला. तिजोरीच्या भिंतीत स्टिम-१ नावाचं प्रथिन असतं. तो पहारेकरी. आतला साठा कमी झाला की त्याला कळतं. तो सरकत पेशीच्या बाहेरच्या भिंतीजवळ येतो आणि तिथल्या दरवाजाला भिडतो. त्या दरवाजाचं नाव ओराय-१. ग्रीक पुराणात स्वर्गाच्या दाराशी उभ्या असलेल्या द्वारपाल देवता आहेत, त्यांच्यावरून स्टीफन फेस्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे नाव ठेवलं. पहारेकरी भिडला की दरवाजा उघडतो, बाहेरचं कॅल्शियम आत येतं, पंप ते तिजोरीत टाकतात, साठा भरला की दरवाजा बंद. साठा बघून खरेदी. आमच्या दुकानात साखरेचं पोतं तळाला गेल्यावर जशी मार्केट यार्डाला फोन लावायची पद्धत, तशीच.

हा दरवाजा दातासाठी किती महत्त्वाचा आहे हे कळलं ते आजारी बाळांमुळे. काही फार थोड्या कुटुंबांमध्ये या दोन प्रथिनांपैकी एकाच्या जनुकात जन्मजात बिघाड असतो. अशा बाळांची रोगप्रतिकारशक्ती चालत नाही, कारण रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींनाही हाच दरवाजा लागतो. त्यातली जी मुलं उपचारांनी जगली, त्यांना दात आले ते कच्च्या एनॅमलचे. पुढे न्यूयॉर्क विद्यापीठाच्या दंत महाविद्यालयात रॉड्रिगो लॅक्रूझ यांच्या गटानं दाखवलं की दात घडवणाऱ्या पेशींमध्ये हे दरवाजे खरोखर काम करतात. २०१७ मध्ये त्यांनी स्टिम प्रथिनं नसलेल्या उंदरांवरचं काम छापलं. त्या उंदरांच्या एनॅमलमध्ये खनिज कमी भरलं आणि दात झिजून गेले.

आत येण्याचा दरवाजा झाला. दाताच्या बाजूला माल उतरवायचा दरवाजा वेगळा असतो. त्याचं नाव एनसीकेएक्स-४. तो अदलाबदलीवर चालतो. चार सोडियम आत घेतो आणि त्याबदल्यात एक कॅल्शियम व एक पोटॅशियम बाहेर सोडतो. २०१३ मध्ये काही कुटुंबांमध्ये याच्या जनुकात बिघाड सापडला. त्यांच्या दातांचं एनॅमल कच्चं येत होतं. रक्तात कॅल्शियम होतं, पण उतरवायचा दरवाजा मोडलेला.

हे वाचताना मला अपरिग्रहाची आठवण झाली, खोटं कशाला बोलू. एवढा माल हातातून जातो आणि स्वतःकडे काही ठेवायचं नाही. पण भाची म्हणाली, "मावशी, पेशीनं व्रत घेतलेलं नाही. साठवलं तर ती मरते, म्हणून ती पुढे देते." तेही खरंच. आपण प्रत्येक गोष्टीत धर्म शोधायला जातो.

आता आयंबिलच्या नोंदीकडे येऊ.

आईनं नऊ दिवस दूध घेतलं नाही तर तिच्या रक्तातलं कॅल्शियम कमी होतं का? होत नाही. निरोगी मोठ्या माणसाच्या रक्तात दर डेसिलिटरला साधारण ९ ते साडेदहा मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. गळ्याजवळच्या परावटू ग्रंथी त्यावर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवतात. जरा कमी झालं की हाडांतून काढून रक्तात आणतात. हाडं ही शरीराची मुदत ठेव आहे म्हणा. अंगावरच्या दुधातलं कॅल्शियमही आईच्या रोजच्या ताटावर फारसं अवलंबून नसतं, गरज पडली तर तेही आईच्या हाडांतून येतं. आईचं नुकसान होईल, पण बाळाचं ताट आधी वाढलं जातं. आणि सोळा महिन्यांचं बाळ तर वरचं वरणभात, दूध, सगळं खात होतं.

दुसरा मुद्दा मला जास्त पटला. चारही दाढा एकाच काळात घडत होत्या. चौघींना माल एकाच रक्तातून. त्यातल्या दोन पांढऱ्या-घट्ट आणि दोन खडूसारख्या. घाऊक व्यापाऱ्याकडे माल नसता तर चारही दुकानं रिकामी राहिली असती. दोन दुकानं भरलेली असतील तर तुटवडा घाऊकाकडचा नाही, त्या दोन दुकानांच्या काउंटरवर काहीतरी अडलं.

काय अडत असेल? ही दाढ कच्ची येण्याचं एकच एक कारण अजून ठरलेलं नाही. पहिल्या काही वर्षांतले मोठे ताप आणि आजारपणं यांच्याशी संबंध दिसतो, असं अनेक अभ्यासांत आलं आहे. हबर्ड यांच्या मेलबर्नच्या गटाला अशा खडूसारख्या एनॅमलमध्ये अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन अडकलेलं सापडलं. ते स्फटिकांना चिकटून त्यांची वाढ रोखतं. म्हणजे बाजूला कॅल्शियम असूनही स्फटिक जाड होऊ शकत नाही. आईनं प्यायलेल्या किंवा न प्यायलेल्या दुधाचा इथे संबंध कुठे येतो?

याचा अर्थ बाळंतिणीनं काही न खाता राहावं असा कुणी काढू नये. ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम यांची फार दिवसांची, मोठी कमतरता असेल, मुडदूस व्हावा इतकी, तर दातांवर तिची खूण उमटतेच. अंगावर पाजणाऱ्या आईनं तपश्चर्या करायची की नाही हे तिनं आणि तिच्या डॉक्टरांनी ठरवावं, कारण हाडं तिची झिजतात. पण नऊ दिवसांच्या ओळीनं नातवाच्या दाढा गेल्या असं म्हणणं हिशेबात बसत नाही.

वाचताना आणखी एक गोष्ट हाती लागली, आणि ती आपल्या शिरूर तालुक्यातलीच निघाली. घोड नदीच्या काठी इनामगाव आहे, तुमच्यातल्या कितीतरी जणी त्या रस्त्यानं गेल्या असतील. तिथे डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी यांनी १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन केलं. इसवी सनापूर्वी १६०० ते ७०० या काळातलं शेतकऱ्यांचं गाव सापडलं. जव पिकवणारे, नदीचं पाणी पाटानं शेताला देणारे लोक. त्यांची लहान मुलं गेली की ते घराच्याच जमिनीखाली पुरत. दोन मातीचे रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवायचे, आणि मूल त्यात.

त्या मुलांच्या दातांचा अभ्यास सुभाष वाळिंबे आणि अमेरिकेचे जॉन लुकाच यांनी केला. दुधाच्या सुळ्यांवर एनॅमल न भरल्यामुळे राहिलेले छोटे छोटे खळगे त्यांनी मोजले आणि त्यावरून त्या काळातल्या बाळांनी काय सोसलं असेल याचा अंदाज बांधला. खळगा सुळ्याच्या कुठल्या उंचीवर आहे यावरून तो बाळाच्या कोणत्या महिन्यात पडला हे सांगता येतं, कारण थर क्रमानं चढतात. प्रत्येक दिवसाची बारीक रेघ एनॅमलमध्ये असते. दुधाच्या दातात तर जन्माच्या दिवसाचीही एक ठळक रेघ असते.

तीन हजार वर्षांनी हे वाचता येतं याचं कारण सांगितलं तर वाईट वाटेल. दात हिरडीबाहेर येईपर्यंत त्या पेशी संपलेल्या असतात. काम चालू असतानाच त्यातल्या निम्म्या मरतात, उरलेल्या दात वर येताना जातात. हाड मोडलं तर जुळतं, कातडी फाटली तर भरते. एनॅमल दुरुस्त करायला कुणी मागे राहत नाही. त्यामुळे नोंद खोडता येत नाही. आपल्या निघोज-टाकळी हाजीच्या कुंडावर कुकडीनं खडकात पाडलेले रांजणखळगे पाहिलेत ना? पाण्यात गरगरणाऱ्या दगडांनी ते पाडले आणि खडक काही पुन्हा भरून आला नाही. दाताचंही तसंच.

इनामगावच्या त्या आयांना कुणी "तू दूध प्यायली नाहीस" म्हणालं असेल का, कोण जाणे. खुणा राहिल्या त्या मुलांच्या दातांवर. बोलणी राहत नाहीत हे बरं.

आता पाण्याबद्दल, कारण ते आपल्या रोजच्या आचाराशी जोडलेलं आहे. आपल्या घरांत पाणी गाळल्याशिवाय प्यायलं जात नाही, पुष्कळ घरांत उकळूनच पितात. जीवदयेसाठी आणि आरोग्यासाठी दोन्ही चांगलंच. पण पाण्यात विरघळलेलं फ्लोराइड गाळण्यानं जात नाही. उकळल्यानंही जात नाही, उलट पाणी आटतं तसं त्याचं प्रमाण किंचित वाढतं. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं, आणि दुसरा स्रोतच नसेल तर दीड मिलिग्रॅमपर्यंत. आपल्या राज्यात यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या कित्येक गावांत विहिरी-बोअरच्या पाण्यात ते याहून जास्त आहे. नांदेडच्या किनवटकडे मुलांचे दात तपकिरी येतात ते यामुळे. देशात हा आजार पहिल्यांदा नोंदवला गेला तो १९३७ मध्ये, तेव्हाच्या मद्रास इलाख्यात. तो रोखायचा केंद्र सरकारचा कार्यक्रम २००८-०९ पासून सुरू आहे.

फ्लोराइड नक्की करतं काय, त्याचं एक उत्तर याच दरवाजापाशी सापडलं. लॅक्रूझ यांच्या गटानं २०२० मध्ये दाखवलं की जास्त फ्लोराइडमध्ये ठेवलेल्या एनॅमलच्या पेशींमध्ये तिजोरीतला साठा कमी होतो आणि ओराय दरवाजातून येणारं कॅल्शियमही घटतं. शक्ती पुरवणाऱ्या तंतुकणिकांचं कामही बिघडतं. हाच प्रयोग मूत्रपिंडाच्या पेशींवर केला तर त्यांना तसं काही झालं नाही. माल पुरेसा आहे, पण दरवाजातून तो आत कमी येतो. अशा गावात आईला "कॅल्शियमच्या गोळ्या घेतल्या नाहीस" म्हणून काय उपयोग? तिथे पाणी बदललं पाहिजे.

आमच्या बोअरचं पाणी आम्ही तपासून घेतलं. फ्लोराइड मर्यादेच्या आत आलं, आणि डागांची ठेवणही त्या आजारासारखी नव्हती, असं डॉक्टरांनी सांगितलं. पण तुमच्या घरी बोअर असेल आणि आठ वर्षांच्या आतलं मूल असेल, तर एकदा तपासून घ्या. पक्के दात आत घडत असतात तोवरच फ्लोराइडचा हा डाग पडतो. एकदा घडून झाल्यावर तेच फ्लोराइड थोड्या प्रमाणात वरून लावलं तर दात घट्ट करतं, म्हणून ते टूथपेस्टमध्ये असतं. प्रमाण लक्षात ठेवा. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, तीन ते सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी, आणि मूल ती गिळत नाही ना यावर मोठ्या माणसाची नजर.

सहाव्या वर्षी मुलाच्या तोंडात मागे बघत जा, मैत्रिणींनो. दुधाचे दात पडायचेत अजून, म्हणून आपण तिकडे लक्ष देत नाही. पण तेव्हा आलेली दाढ आयुष्यभराची असते. तिच्यावर पिवळा-तपकिरी चट्टा दिसला, मूल गार पाण्याला घाबरायला लागलं, एका बाजूनं ब्रश लावू देईना, तर हट्टीपणा म्हणून रागवू नका. त्याला खरंच झिणझिण्या येतात. कच्ची दाढ लवकर तुटते आणि तिला कीडही लवकर लागते. डॉक्टर त्यावर फ्लोराइडचा लेप देतात, खाचा बुजवतात, फारच कच्ची असेल तर टोपी बसवतात. जितकं लवकर जाल तितकी दाढ वाचते. नातवाच्या एका दाढेच्या खाचा भरल्या, दुसरीवर स्टीलची टोपी आहे. आता तो दोन्ही बाजूंनी चावतो. कोमट पाण्यानं चूळ भरायची सवय तेवढी ठेवली आहे.

दिवाळीनंतर त्या चुलत सासूबाई आमच्याकडे दोन दिवस राहायला आल्या होत्या. मोठ्या आहेत, माझ्याकडून त्यांचा अवमान व्हायचा नाही. दुपारी भाजी निवडताना मी त्यांना चारही दाढांची गोष्ट सांगितली, दोन चांगल्या आणि दोन कच्च्या कशा काय आल्या असतील म्हणून त्यांनाच विचारलं. त्या बराच वेळ मेथी निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "माझ्या थोरल्याच्याही दाढा अशाच आल्या होत्या. सासूबाई मला वीस वर्षं बोलल्या." सून तिथेच पोळ्या लाटत होती. तिनं ऐकलं. उठून त्यांच्यासाठी चहा टाकला.

तुमच्याही घरात मुलाच्या दातावरून, उंचीवरून, रंगावरून कुणाच्या तरी खात्यावर अशी रक्कम टाकलेली असेल, तर तारीख आणि वाट तपासून बघा. पुष्कळ रकमा चुकीच्या खात्यावर पडलेल्या असतात आणि त्या वळत्या करायला उशीर झालेला नसतो.

जय जिनेंद्र.